वजन जास्त नाही, गोडही खात नाही, तरीही डायबेटिस कसा होतो? धोका नेमका कोणाला असतो?

"आमच्यात कोणी जाड नाही. मी चहासुद्धा बिनसाखरेचा पितो. मला कसा डायबेटिस होईल?"

रक्ताचा रिपोर्ट हातात आल्यावर अनेक जणांची पहिली प्रतिक्रिया अशीच असते. डायबेटिस म्हणजे जाड माणसांचा किंवा गोड खाणाऱ्यांचा आजार, हा समज आपल्याकडे इतका घट्ट बसलाय की बारीक अंगकाठीची माणसं तपासणीच्या वाटेलाच जात नाहीत. आणि हा आजार नेमका न तपासणाऱ्यांच्याच शरीरात वर्षानुवर्षं गुपचूप वाढत राहतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआर आणि चेन्नईचं मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन यांनी मिळून देशभर एक मोठं सर्वेक्षण केलं. त्यात 1 लाख 13 हजारांहून जास्त प्रौढांची तपासणी झाली. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अहवालानुसार भारतात 10 कोटींहून अधिक लोकांना डायबेटिस आहे, तर साधारण 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर म्हणजे 'प्री-डायबेटिस'च्या टप्प्यावर आहेत. सगळ्यात जास्त प्रमाण आढळलं ते गोव्यात, 26.4 टक्के. म्हणजे तिथल्या दर चार प्रौढांमागे एकाला किंवा त्याहून थोड्या जास्त लोकांना डायबेटिस आहे.

मग हा धोका नेमका कशामुळे वाढतो? आणि तो आपल्याला किती आहे, हे कसं ओळखायचं? समजून घेऊया.

डायबेटिस म्हणजे शरीरात नेमकं काय होतं?

आपण भात, भाकरी, पोळी, फळं असं काहीही खाल्लं की त्यातल्या पिष्टमय पदार्थांचं पोटात ग्लुकोज होतं. ही एक प्रकारची साखरच. ती रक्तात मिसळते आणि शरीरभर फिरते. पण नुसती रक्तात फिरून तिचा उपयोग नसतो. ती स्नायूंच्या आणि इतर पेशींच्या आत जायला हवी, तरच ताकद मिळते.

पेशीचं दार उघडणारी किल्ली म्हणजे इन्सुलिन. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते, तिथे हे संप्रेरक तयार होतं.

डायबेटिसमध्ये दोनपैकी एक गोष्ट होते, किंवा दोन्ही होतात. एक तर किल्ल्याच कमी पडतात, म्हणजे इन्सुलिन पुरेसं तयार होत नाही. किंवा कुलूप गंजतं, म्हणजे इन्सुलिन असतं पण पेशी त्याला दाद देत नाहीत. याला डॉक्टर 'इन्सुलिन रेझिस्टन्स' म्हणतात. दोन्हींचा परिणाम एकच. साखर पेशीत न जाता रक्तातच साचते.

ही साचलेली साखर हळूहळू रक्तवाहिन्यांना इजा करते. म्हणूनच डायबेटिसचे परिणाम हृदय, मूत्रपिंड, डोळ्यांचा पडदा, पायांच्या नसा अशा सगळीकडे दिसतात.

टाइप 1 आणि टाइप 2 यात फरक काय?

टाइप 1 मध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्तीच चुकून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. हा प्रकार बहुतेक वेळा लहानपणी किंवा तरुणपणी दिसतो. मुलाने चॉकलेटं जास्त खाल्ली किंवा आईने लक्ष दिलं नाही म्हणून तो होत नाही. या मुलांना जगण्यासाठी इन्सुलिन घ्यावंच लागतं. कोणाच्या सांगण्यावरून ते बंद करणं जिवावर बेतू शकतं.

टाइप 2 हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. यात आधी कुलूप गंजतं, मग ते उघडण्यासाठी स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवत राहतं आणि शेवटी दमतं. जोखीम, जीवनशैली, अनुवंशिकता अशी चर्चा होते ती प्रामुख्याने याच प्रकाराबद्दल.

तिसरा प्रकार गरोदरपणात पहिल्यांदा लक्षात येणाऱ्या डायबेटिसचा. बाळंतपणानंतर साखर बहुतेक वेळा पूर्ववत होते आणि विषय तिथेच संपतो असं घरच्यांना वाटतं. पण अशा स्त्रियांना पुढे टाइप 2 होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. म्हणून बाळंतपणानंतर साधारण दीड ते तीन महिन्यांत एकदा आणि पुढेही नियमित तपासणी करायला सांगतात. बाळाच्या लसीकरणाच्या तारखा घरात सगळ्यांच्या लक्षात असतात, आईची ही तपासणी मात्र राहून जाते.

बारीक माणसाला डायबेटिस का होतो?

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे.

2004 मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक होते पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन, अगदी सारखा होता: 22.3. वजनकाट्याच्या हिशेबात दोघंही तंदुरुस्त. पण शरीरातली चरबी मोजल्यावर युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के चरबी निघाली, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. म्हणजे दुपटीहून जास्त!

दोघांच्याही आडनावाचं इंग्रजी आद्याक्षर 'वाय' असल्यामुळे हा फोटो 'वाय-वाय पॅराडॉक्स' म्हणून जगभर ओळखला जातो. त्यातून एक गोष्ट ठसठशीतपणे समोर आली. भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी त्याच्या शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते. संशोधक याला 'थिन-फॅट' म्हणतात. मराठीत सांगायचं तर हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेलं.

ही चरबी कुठे साठते, हे महत्त्वाचं आहे. मांड्यांवरची चरबी तुलनेने कमी त्रासदायक असते. पण पोटाच्या आत, यकृताभोवती आणि यकृतात साठणारी चरबी इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. दुसरीकडे, जेवणानंतर रक्तातली साखर सगळ्यात जास्त वापरतात ते स्नायू. स्नायूच कमी असतील तर साखर जाणार कुठे?

हे सगळं जन्माआधीच सुरू होतं?

काही अंशी, हो.

डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. जन्मलेल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. पुण्याकडच्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो होतं, तिकडच्या बाळांचं 3.5 किलो. पण आपल्या बाळांमध्ये कमी होते ते मुख्यतः स्नायू आणि पोटातले अवयव. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. थोडक्यात, हा 'थिन-फॅट' बांधा जन्मापासूनच दिसत होता.

यामागचा एक विचार असा की, पोटातल्या बाळाला पोषण कमी मिळालं की शरीर मेंदूला प्राधान्य देतं आणि स्नायू, स्वादुपिंड यांच्या वाट्याला कमी येतं. असं मूल मोठं होऊन बैठ्या नोकरीत आणि भरपूर खाण्याच्या वातावरणात आलं, की जन्मतः कमी क्षमतेच्या शरीरावर साखरेचा जास्त भार पडतो. आजोबा शेतात राबत होते, नातू आठ तास खुर्चीत बसतो. शरीराची घडण मात्र तितक्या वेगाने बदललेली नाही.

याच गावांतल्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांमध्ये बी-12 जीवनसत्त्व कमी आढळलं. ज्या मातांमध्ये बी-12 कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स जास्त दिसला. याचा अर्थ गरोदरपणातल्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या बंद करायच्या, असा मुळीच नाही. बाळाच्या मज्जारज्जूसाठी त्या गरजेच्या आहेत. बी-12 कडेही लक्ष द्यायला हवं, इतकाच त्याचा अर्थ.

धोका वाढवणाऱ्या गोष्टी कोणत्या?

काही गोष्टी आपल्या हातात नसतात:

- घराण्यात डायबेटिस: आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला असेल तर धोका वाढतो, दोघांना असेल तर आणखी वाढतो.
- वय: पस्तिशीनंतर धोका चढत जातो. पण आता विशी-तिशीतले रुग्णही दिसतात.
- गरोदरपणातला डायबेटिस: आईला स्वतःला आणि पुढे मुलालाही धोका जास्त.
- पीसीओएस: पाळी अनियमित असण्याच्या या विकारामागे अनेकदा इन्सुलिन रेझिस्टन्स असतो.
- जन्माच्या वेळी कमी वजन.

काही गोष्टी बऱ्याच अंशी आपल्या हातात असतात:

- पोटाचा घेर: वजनापेक्षाही महत्त्वाचा.
- बैठं काम आणि व्यायामाचा अभाव.
- जेवणात भात, पोळी, साखर यांचं प्रमाण जास्त आणि प्रथिनं कमी.
- तंबाखू आणि धूम्रपान.
- अपुरी झोप आणि सततचा ताण: रात्रपाळी करणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावं.
- उच्च रक्तदाब, वाढलेले ट्रायग्लिसराइड्स, फॅटी लिव्हर: यांपैकी एक असेल तर साखरही तपासावी.

काही औषधांमुळेही, विशेषतः दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइड्समुळे, साखर वाढू शकते. अशी औषधं परस्पर बंद करू नयेत, पण साखरेवर लक्ष ठेवण्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं.

आणखी एक खूण घरबसल्या दिसते. मानेच्या मागे किंवा काखेत त्वचा काळपट, जाडसर आणि मखमलीसारखी होते. घरचे म्हणतात, "मान नीट घासत नाहीस का?" पण हा मळ नसतो, कितीही घासला तरी जात नाही. अनेकदा ती इन्सुलिन रेझिस्टन्सची खूण असते. शाळकरी मुलांमध्ये हे दिसलं तर रागावण्याऐवजी डॉक्टरांना दाखवा.

मग गोड खाल्ल्याने डायबेटिस होतो की नाही?

एक पेढा खाल्ला म्हणून डायबेटिस होत नाही. पण रोज गोड पेयं, भरपूर साखर आणि त्यातून वाढणारं पोट हे धोका नक्की वाढवतं. विशेषतः कोल्ड्रिंक आणि पॅकबंद ज्यूसमधली साखर रक्तात झपाट्याने जाते आणि पोट भरल्यासारखंही वाटत नाही.

आपल्याकडची खरी अडचण मात्र नुसत्या साखरेची नाही. आयसीएमआरच्याच सर्वेक्षणातून 2025 मध्ये आलेल्या आहारविषयक निष्कर्षांनुसार, भारतीयांच्या जेवणातल्या सुमारे 62 टक्के कॅलरी पिष्टमय पदार्थांतून येतात. सकाळी पोहे, दुपारी पोळी आणि वर भात, संध्याकाळी चहा-बिस्किट, रात्री पुन्हा भात. गोड पदार्थ एकही नाही, तरी दिवसभर ग्लुकोजचाच मारा. उपवासाची साबुदाणा खिचडीही जवळपास निव्वळ स्टार्चच.

याच अभ्यासातला आणखी एक निष्कर्ष अनेकांना चकित करेल. पांढरा भात किंवा मैदा सोडून गहू किंवा ज्वारी-बाजरीचं पीठ घेतलं, पण एकूण प्रमाण तेवढंच ठेवलं, तर धोका कमी झाल्याचं दिसलं नाही. फरक दिसला तो पिष्टमय पदार्थांचा थोडा वाटा कमी करून त्याजागी डाळी, कडधान्यं, दूध-दही यांतली प्रथिनं घेतल्यावर.

म्हणजे भाकरी चांगलीच आहे, पण तीनच्या जागी दोन आणि सोबत वाटीभर जास्त उसळ, असा तो हिशेब आहे. गुळाचंही तसंच. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून चहा 'शुगर-फ्री' होत नाही. रक्तात गेल्यावर गूळही साखरच वाढवतो.

आपला धोका घरच्या घरी कसा मोजायचा?

त्यासाठी फक्त शिंप्याकडची मापाची टेप लागते. मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनच्या संशोधकांनी 2005 मध्ये 'इंडियन डायबेटिस रिस्क स्कोअर' नावाची सोपी गुणपद्धत मांडली. त्यात चारच गोष्टी आहेत:

- वय: 35 पेक्षा कमी असेल तर 0, 35 ते 49 असेल तर 20, 50 किंवा जास्त असेल तर 30 गुण.
- पोटाचा घेर: पुरुषांमध्ये 90 सेंमीपेक्षा कमी तर 0, 90 ते 99 असेल तर 10, 100 किंवा जास्त तर 20. स्त्रियांमध्ये 80 पेक्षा कमी तर 0, 80 ते 89 असेल तर 10, 90 किंवा जास्त तर 20.
- हालचाल: बैठं काम आणि व्यायाम अजिबात नाही, तर 30 गुण. हालचाल जितकी जास्त, तितके गुण कमी.
- आई-वडील: दोघांनाही डायबेटिस नाही तर 0, एकाला आहे तर 10, दोघांना आहे तर 20.

बेरीज 60 किंवा जास्त आली तर धोका जास्त. 30 ते 50 म्हणजे मध्यम. 30 पेक्षा कमी म्हणजे कमी.

एक उदाहरण बघूया. समजा, 38 वर्षांचा एक माणूस आहे. दिवसभर कॉम्प्युटरसमोर काम, व्यायाम नाही, पोटाचा घेर 94 सेंमी, आईला डायबेटिस. त्याचे गुण होतात 20 + 10 + 30 + 10 = 70. म्हणजे धोका जास्त. या माणसाचं वजन कदाचित 68 किलोच असेल आणि मित्र त्याला 'फिट' म्हणत असतील.

घेर मोजताना एक चूक हमखास होते. पँटचा साइज म्हणजे पोटाचा घेर नव्हे. अनेक जण पोटाच्या खाली पट्टा बांधतात, त्यामुळे पोट वाढलं तरी पँट 34 चीच राहते. टेप सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये धरा, श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका आणि मग मोजा.

बीएमआयच्या बाबतीतही भारतीयांसाठी मोजपट्टी वेगळी आहे. पाश्चात्त्य देशांत 25 च्या पुढे वजन जास्त मानतात, आपल्याकडे 23 पासूनच सावध व्हायला सांगतात.

कोणती तपासणी करायची? रिपोर्टमधले आकडे काय सांगतात?

- उपाशीपोटी साखर: 100 पेक्षा कमी असेल तर सामान्य. 100 ते 125 म्हणजे प्री-डायबेटिस. 126 किंवा जास्त म्हणजे डायबेटिस.
- 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी: 140 पेक्षा कमी सामान्य, 140 ते 199 प्री-डायबेटिस, 200 किंवा जास्त म्हणजे डायबेटिस.
- एचबीएवनसी: मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज. 5.7 टक्क्यांपेक्षा कमी सामान्य, 5.7 ते 6.4 प्री-डायबेटिस, 6.5 किंवा जास्त म्हणजे डायबेटिस.

साखरेचे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये आहेत. कोणतीही लक्षणं नसतील तर एकाच रिपोर्टवर निदान पक्कं करत नाहीत, दुसऱ्या तपासणीने खात्री करतात.

एचबीएवनसीबद्दल एक खबरदारी घ्यावी लागते. रक्तात लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो. सिकलसेलसारख्या आजारात तर तो भरवशाचा राहत नाही. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. अशा वेळी थेट साखरेचीच तपासणी करणं योग्य.

खूप तहान लागणं, वारंवार लघवी, कारण नसताना वजन उतरणं, नजर धूसर होणं, जखम लवकर न भरणं ही डायबेटिसची लक्षणं आहेत. पण लक्षणं दिसण्याची वाट बघणं हीच मोठी चूक. टाइप 2 मध्ये सुरुवातीची काही वर्षं काहीच जाणवत नाही. अनेकांना तर चष्म्याचा नंबर काढताना किंवा ऑपरेशनआधीच्या तपासणीत अचानक कळतं.

सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये 30 वर्षांवरील सर्वांसाठी डायबेटिस आणि रक्तदाबाची मोफत तपासणी होते. गावात आशा सेविका धोका मोजण्याचा फॉर्म भरून घेतात. त्या दारात आल्या की "आम्हाला काही नाही" म्हणून परत पाठवू नका.

'बॉर्डरवर आहे' म्हणजे काळजी नाही?

उलट, काळजी घेण्याची सगळ्यात योग्य वेळ हीच.

अमेरिकेत 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात प्री-डायबेटिस असलेल्यांनी सुमारे 7 टक्के वजन कमी करण्याचं आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायामाचं लक्ष्य ठेवलं. त्यांच्यात डायबेटिस होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन ही गोळी घेणाऱ्यांमध्ये ते 31 टक्क्यांनी घटलं. म्हणजे चालणं आणि खाण्यातला बदल गोळीपेक्षा सरस ठरला.

भारतात चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने 2006 मध्ये असाच अभ्यास मांडला. त्यात काहीच बदल न करणाऱ्यांपैकी 55 टक्के लोकांना तीन वर्षांत डायबेटिस झाला. आहार आणि व्यायामाचा सल्ला पाळणाऱ्यांमध्ये हे प्रमाण 39 टक्के होतं.

हे आकडे दोन गोष्टी सांगतात. पहिली, भारतीय शरीर 'बॉर्डर' फार लवकर ओलांडतं. दुसरी, ती ओलांडणं अनेकांच्या बाबतीत टाळता येतं किंवा लांबवता येतं. सगळ्यांच्या बाबतीत नाही. सगळं नीट पाळूनही एखाद्याला डायबेटिस झाला, तर तो त्याचा 'दोष' नसतो. घराणं आणि जन्माआधीचं पोषण निवडण्याची संधी कोणालाच मिळत नाही.

मग आजपासून काय करायचं?

फार मोठ्या संकल्पांची गरज नाही. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भराभर चाला. स्नायू टिकवण्यासाठी आठवड्यातून दोनदा तरी उठाबशा, जिने चढणं, वजन उचलणं असा व्यायाम करा. ताटात आधी कोशिंबीर आणि उसळ वाढा, भात-पोळी नंतर. जेवल्यावर लगेच आडवं होण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटं शतपावली करा. ही जुनी सवय साखर उतरवायला खरंच मदत करते.

आणि घरात कोणालाही डायबेटिस असेल, तर त्यांच्यासोबत स्वतःचीही साखर एकदा तपासून घ्या. वडिलांचं रक्त द्यायला लॅबमध्ये गेलेला मुलगा बाहेर बाकावर मोबाइल बघत बसतो. खरं तर त्या दिवशी त्यानेही हात पुढे करायला हवा.

*(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. निदान आणि औषधोपचारासाठी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. सुरू असलेली औषधं किंवा इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका.)*